मेंढरं सांभाळणारा पोरगा आणि ५० वर्षांचं नाटक: सॅम शेपर्ड

माळावरचा

आमच्याकडे माण तालुक्यात कोकरू आजारी पडलं की घरात आणतात. चुलीपासून हातभर लांब, पोत्यावर. रात्री कुणीतरी उठून त्याला बघतं. हे मी लहानपणी इतक्या वेळा पाहिलंय की यात नाटक असेल असं कधी मनात आलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या नाट्यवाचनाच्या गटात अमेरिकन नाटककार सॅम शेपर्डचं 'कर्स ऑफ द स्टार्व्हिंग क्लास' हाती आलं. पहिल्याच अंकात पोरगा स्वयंपाकघरात छोटंसं कुंपण उभं करतो आणि किडे पडलेलं जिवंत कोकरू त्यात आणून ठेवतो. मागे फ्रिज आहे. घरातलं प्रत्येक माणूस तो उघडून बघतं. आत काही नसतं, तरी पुन्हा उघडतं. मी तिथंच थांबलो. हे लिहिणाऱ्यानं कोकरू हाताळलेलं आहे, ऐकून लिहिलेलं नाही, हे कळायला मला दुसरा पुरावा नको होता. मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, म्हणून हा धागा.

जन्म ५ नोव्हेंबर १९४३, इलिनॉयमधल्या फोर्ट शेरिडन या लष्करी तळावर. पूर्ण नाव सॅम्युएल शेपर्ड रॉजर्स. बापाचंही तेच आणि मागच्या पिढ्यांतही तेच, म्हणून घरात याला स्टीव्ह म्हणायचे. वडील दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांचे वैमानिक. युद्धानंतर फिरत फिरत कुटुंब लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, सॅन गेब्रियल डोंगरांच्या पायथ्याशी डुआर्टे गावात स्थिरावलं. तिथं त्यांचा लहानसा रँच होता, म्हणजे ॲव्होकॅडोची झाडं आणि मेंढ्या. आई शिक्षिका. वडीलही स्पॅनिश शिकवायचे, शेती करायचे आणि प्यायचे.

पोरगा मेंढरं सांभाळायचा, घोड्यांच्या तबेल्यात कामाला जायचा. १९६१ला शाळा संपल्यावर माउंट सॅन अँटोनिओ कॉलेजात पशुपालन शिकायला गेला. जनावरांचा डॉक्टर व्हायचं मनात होतं. तिथंच त्याच्या हाती आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटचं नाटक पडलं. पुढे बिशप्स कंपनी नावाची एक फिरती नाटकमंडळी भेटली. ती चर्चमधून प्रयोग करायची. तो तिच्याबरोबर निघाला आणि १९६३ला न्यूयॉर्कला उतरला. वय १९.

त्यानंतर तो ५० वर्षं नाटकं लिहीत राहिला, चाळीसहून जास्त. माझं म्हणणं एवढंच, की सिनेमानं त्याला नाव दिलं, पैसा दिला, घोडे घ्यायला जमीन दिली. लिहायला मात्र तो कायम नाटकाकडेच परत आला. आणि त्या नाटकात परत परत डुआर्टेचं तेच घर आहे. इथल्या जाणकारांनी भर घालावी.

ओसरी

वाचतेय. छान सुरुवात.

तिसरी_घंटा

माळावरचा, मनापासून आभार. न्यूयॉर्कच्या पहिल्या दिवसांबद्दल थोडी भर घालतो, कारण माझ्या मते त्याचं घडणं तिथलं आहे.

तो व्हिलेज गेट या जॅझ क्लबात टेबलं उचलायचं काम करायचा. तिथला मुख्य वेटर होता राल्फ कुक. या कुकनं सेंट मार्क्स चर्चमध्ये थिएटर जेनेसिस सुरू केलं आणि आपल्याच क्लबात उष्टी भांडी उचलणाऱ्या पोराच्या दोन एकांकिका ऑक्टोबर १९६४ मध्ये तिथं केल्या. 'काउबॉइज' आणि 'द रॉक गार्डन'. स्टीव्ह रॉजर्सचा सॅम शेपर्ड झाला तो याच काळात. 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाच्या समीक्षकानं त्या उचलून धरल्या. दोन वर्षांनी, १९६६ला, त्याला एकाच वर्षी तीन ओबी, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या नाटकांसाठीचे पुरस्कार मिळाले. एकूण दहा.

ही माहिती कुठंही मिळेल. पण आपल्याकडच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांच्या चळवळीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना एक गोष्ट लगेच कळेल. शाळेचा हॉल काय किंवा चर्चची वरची खोली काय, तिथं सेटला पैसे नसतात. प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो. शेपर्डच्या नाटकात वस्तू कमी आणि प्रत्येक वस्तू खरी. फ्रिज खरा, कोकरू खरं, ब्रेड भाजल्याचा वास खरा. ही सवय त्या खोलीची आहे. आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे रँचचीही असेल.

पांढरी_माती

एक शंका. ॲव्होकॅडोच्या बागेला रँच कसं म्हणतात? माझ्या डोळ्यापुढे हजार गुरं आणि घोड्यावरचा माणूस येतो.

लॉस_एंजेलिसकर

पांढरी_माती, कॅलिफोर्नियात फळबागेलाही सर्रास रँच म्हणतात. मेक्सिकन काळापासूनचा शब्द आहे, रांचो. संत्र्यालिंबाची दहा-वीस एकरांची बाग असली तरी रँच. मी डुआर्टेपासून २० मिनिटांवर राहतो. आता तिथं घरंच घरं आहेत. रूट ६६ गावातून जातो, मागे डोंगर तसेच उभे आहेत. हा सगळा पट्टा एके काळी लिंबूवर्गीय फळांचा आणि ॲव्होकॅडोचा होता. महायुद्धानंतर लॉस एंजेलिस फुगत गेलं आणि बागांचे प्लॉट पडले.

'कर्स...' मध्ये हेच आहे, नाही का? बाप परस्पर घर विकायला निघालाय, आई दुसऱ्या बाजूनं विकायला निघालीय. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. मुलगा सांगतो की हे नुसतं घर जात नाहीये, इथं आता काँक्रीट येणार. शेपर्डनं हे १९७०च्या दशकात लिहिलं, पण बघितलं ते पोरवयात, स्वतःच्या गल्लीत.

पांढरी_माती

समजलं. म्हणजे आमच्या नाशिकच्या मळ्यांसारखंच. आमचा मळा गेला त्याला बारा वर्षं झाली. नाटक मागवतो.

नेपथ्य_९२

धागा आवडला, पण 'सिनेमानं पैसा दिला, लिहायला नाटक' ही विभागणी मला पटत नाही. 'डेज ऑफ हेवन' मधला तो आजारी शेतमालक विसरता येत नाही. 'द राइट स्टफ' मधल्या वैमानिक चक येगरच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन होतं. 'पॅरिस, टेक्सस'ची पटकथा त्याचीच आणि त्या सिनेमाला १९८४ला कान महोत्सवात पाम दॉर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. हे सगळं पोटापाण्याचं होतं असं म्हणणं त्या कामावर अन्याय आहे. नाटकाला वाहिलेला माणूस ही प्रतिमा आपल्याला आवडते म्हणून आपण ती प्रत्येकावर चढवतो.

माळावरचा

नेपथ्य_९२, तुमची हरकत रास्त आहे. 'पॅरिस, टेक्सस' मला विसरून चालणार नव्हतं. शब्द मागे घेतो, मुद्दा मात्र धरून ठेवतो.

१९७५ पासून पुढची काही वर्षं बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅजिक थिएटरमध्ये तो निवासी नाटककार होता. १९७८ला 'बरिड चाइल्ड' तिथं झालं, त्याच वर्षी 'डेज ऑफ हेवन' आला. १९७९ला 'बरिड चाइल्ड'ला पुलित्झर मिळालं. अशा वेळी माणूस ब्रॉडवेकडे किंवा हॉलिवूडकडे सरकतो. यानं १९८०चं 'ट्रू वेस्ट' मॅजिकलाच दिलं. १९८३चं 'फूल फॉर लव्ह' पण तिथंच, स्वतः दिग्दर्शित केलेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'द राइट स्टफ' लागला. एकीकडे देश त्याला पडद्यावर बघतोय आणि दुसरीकडे हा लहानशा थिएटरात, मोटेलच्या खोलीचं दार आपटल्यावर आवाज किती घुमायला हवा ते ठरवतोय. त्या नाटकात दारांच्या आवाजासाठी ध्वनिक्षेपक लावायची सूचना संहितेतच आहे. मला हा माणूस नाटकवेडाच वाटतो.

ओसरी

मला 'बरिड चाइल्ड' बद्दल सांगायचंय. इलिनॉयमधलं शेतघर. म्हातारा बाप सोफ्यावर, अंगावर घोंगडी, लपवलेली बाटली. मोठा मुलगा मागच्या शेतातून हातभर मक्याची कणसं घेऊन येतो. बाप म्हणतो, तिथं कित्येक वर्षं काही पेरलेलंच नाही. पोरगा तिथंच बसून कणसं सोलायला लागतो आणि सालं झोपलेल्या बापाच्या अंगावर पसरतो. पुढच्या अंकात गाजरं आणतो. त्या जमिनीत काय पुरलंय हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि पीक मात्र येतंच आहे.

वाचताना मला एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकातला अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आठवत राहिला. तिथं जमीन काही देईनाशी झालीय, इथं कुणी न मागता देतेय. दोन्ही घरं आतून सारखीच पोखरलेली.

तिसरी_घंटा

ओसरी, +१. आणि त्याच नाटकाशी जोडलेली एक गोष्ट, शेपर्डनं स्वतः मुलाखतीत सांगितलेली. वडील पुढे न्यू मेक्सिकोत एकटे राहायचे. सांता फेमध्ये 'बरिड चाइल्ड'चा प्रयोग लागला तेव्हा ते बघायला गेले, पिऊन. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की हे आपल्याच घरचं आहे. ते उठून उभे राहिले आणि नटांशी मोठ्यानं बोलायला लागले, शिव्या घातल्या. त्यांना बाहेर काढायला माणसं आली. हे नाटककाराचे वडील आहेत असं कळल्यावर बसू दिलं. मुलगा त्या प्रयोगाला नव्हता.

१९८४ला न्यू मेक्सिकोतच रस्त्यावर गाडीची धडक बसून वडील गेले. त्यानंतरही नाटकांतला बाप गेला नाही. २००० सालच्या 'द लेट हेन्री मॉस'मध्ये तर तो मेलेलाच आहे आणि दोन भाऊ त्याच्या मरणाचा शोध घेतायत.

निशिगंध

एवढं सगळं वाचून मला अडलेली गोष्ट बोलतेच. शेपर्डच्या नाटकांत बाया कुठं आहेत? आया वेंधळ्या किंवा पळून गेलेल्या, बायका मार खाणाऱ्या. सगळा खेळ बापलेकांचा आणि भावाभावांचा. रँच, घोडे, दारू, हाणामारी. मी 'ट्रू वेस्ट' दोनदा वाचलं. आई शेवटी येते, घराची नासधूस बघते आणि मोटेलात जाते. मला ती आई हवी होती. ती अलास्काहून का परतली हे तिच्या तोंडून नीट ऐकायचं होतं. हा माणूस मोठा आहे हे मान्य. पण माझ्या आजीसारख्या, त्याच जनावरांमध्ये जन्म काढलेल्या बाईला त्याच्या नाटकात जागा नाही.

माळावरचा

निशिगंध, यावर माझ्याकडे उत्तर नाही. घरात आणलेल्या कोकराला रात्री उठून बघणारी माझी आईच असायची. नाटकात कोकरू पोरगा आणतो आणि त्याची निगा बाप राखतो.

तिसरी_घंटा

निशिगंध, तुमचा आक्षेप खरा आहे, तिथल्या समीक्षकांनीही घेतलेला आहे. तरी 'अ लाय ऑफ द माइंड' (१९८५) वाचा अशी विनंती करतो. त्यात बेथ आहे, नवऱ्यानं मारून मारून मेंदूला इजा केलेली. तिचं बोलणं तुटलेलं आहे, शब्द सापडत नाहीत, सापडतो तो भलताच असतो. पण नाटकातलं सगळ्यात नितळ तीच बोलते. तिच्या तोंडी दया यावी म्हणून रचलेली वाक्यं नाहीत. ती स्वतःसाठी नवी भाषा जुळवतेय.

ही भाषा शेपर्डला कुठं ऐकू आली, तेही सांगतो, कारण ती गोष्ट मला त्याच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते. जोसेफ चायकिन हा न्यूयॉर्कच्या ओपन थिएटर या प्रायोगिक नाटकगटाचा संस्थापक, नट आणि दिग्दर्शक, शेपर्डचा तरुणपणापासूनचा मित्र. १९७८ला दोघांनी 'टंग्ज' केलं. चायकिन खुर्चीत प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेला, मांडीवर पांघरूण. त्याच्या पाठीला पाठ लावून शेपर्ड तालवाद्यं वाजवतोय. प्रेक्षकांना त्याचे फक्त हात दिसतात. १९८४ला चायकिनच्या हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. बोलण्यावर जगणारा नट, आणि शब्दच हाती लागेनात.

आधी दोघांचं एका देवदूताच्या स्वगतावर काम सुरू होतं. शेपर्डनं ते सोडलं नाही. चायकिनला जे आणि जसे शब्द येत होते तसेच घेऊन ते पुरं केलं. 'द वॉर इन हेवन'. १९८५ला चायकिननं ते रेडिओवर स्वतःच्या आवाजात केलं. त्याच वर्षी बेथ रंगमंचावर आली. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की बेथ कुठून आली ते दिसतं.

निशिगंध

हे मला माहीत नव्हतं. वाचते. आक्षेप तरीही ठेवते, पण बेथला भेटल्याशिवाय आता पुढं बोलणार नाही.

नेपथ्य_९२

तिसरी_घंटा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर दोन वर्षं 'पाणी' म्हणायचं असलं की 'दरवाजा' हा शब्द यायचा. आम्ही दुरुस्त करत राहिलो. तसं करायला नको होतं.

लॉस_एंजेलिसकर

शेवटच्या वर्षांबद्दल. साठी ओलांडल्यावर तो अनेकदा आयर्लंडला गेला. डब्लिनच्या ॲबी थिएटरनं २००७ला 'किकिंग अ डेड हॉर्स' केलं, त्यात आयरिश नट स्टीफन रे. एकटा माणूस, वाळवंट, खणलेला खड्डा आणि शेजारी मेलेला घोडा. २०१३ला डेरी शहरात 'अ पार्टिकल ऑफ ड्रेड', म्हणजे इडिपसची गोष्ट, तिथंही स्टीफन रे. म्हणजे ७० वर्षांचा माणूस पुन्हा बापलेकाकडेच आला, या वेळी थेट ग्रीकांकडे.

केंटकीत त्याचे घोडे होते, जातिवंत, शर्यतीच्या पैदाशीचे. दारूशी त्याचं स्वतःचंही आयुष्यभर भांडण चाललं. एएलएस हा स्नायू निकामी करत जाणारा आजार झाल्यावर हात गेले. शेवटचं पुस्तक त्यानं हातानं लिहायला घेतलं, मग टेपवर बोलला, मग घरच्यांना सांगत गेला आणि बहिणी-मुलांनी उतरवून घेतलं. गायिका-कवयित्री पॅटी स्मिथनं संपादनाला हात लावला. १९७१ला दोघांनी मिळून एक नाटक लिहिलं होतं, तेव्हापासूनची मैत्री. २७ जुलै २०१७ला केंटकीत, मिडवेच्या घरी गेला. वय ७३.

पांढरी_माती

माळावरचा, नाटक आलं, वाचलं. तुम्ही कोकराचं सांगितलं, पण तिसऱ्या अंकातलं गरुडाचं नाही सांगितलं. बाप कोकरं खच्ची करतोय आणि त्यांची वृषणं शेडच्या पत्र्यावर फेकतोय. वरून गरुड झेपावतो. बाप घाबरण्याऐवजी मुद्दाम आणखी फेकतो आणि त्याला बघत राहतो. मी हे घारींच्या बाबतीत पाहिलंय, कोंबडी साफ करताना. आमचे वडील आतडी लांब फेकायचे आणि मान वर करून उभे राहायचे. हसायचे. ते फार कमी हसायचे.

तो बाप त्या सकाळी अंघोळ करून, कपडे धुऊन, घड्या घालत ही गोष्ट कोकराला सांगतोय. इतका चांगला झालेला असतो. आणि मग पोरगा तेच कोकरू कापून टाकतो. मला रात्री झोप लागली नाही.

माळावरचा

हो. आणि ते कापायची काही गरजच नसते. तेव्हा फ्रिज भरलेला असतो.

किड्यांचं म्हणाल तर आमच्याकडे जखमेत सीताफळाचा पाला वाटून भरतात. नाटकात बाप कोकराला बरं करतो, तेवढ्यापुरता तो मला ओळखीचा वाटला. मेंढरं राखणाऱ्या माणसाला आजारी जनावर उठून उभं राहिलं की जे वाटतं, तेच त्याच्या बोलण्यात आहे.

ओसरी

नव्यानं वाचणाऱ्यानं कुठून सुरू करावं? आमच्या गटात सहा जण आहोत, पुढच्या महिन्यात घरीच वाचन ठेवायचंय.

तिसरी_घंटा

'ट्रू वेस्ट'. पात्रं चारच. ऑस्टिन आणि ली हे भाऊ, एक पटकथा लिहिणारा, एक भुरटा चोर, आणि हळूहळू दोघं एकमेकांच्या जागी जातात. २०००च्या ब्रॉडवे प्रयोगात फिलिप सीमोर हॉफमन आणि जॉन सी. रायली या दोन भूमिका आळीपाळीनं करायचे. तुम्हीही वाचताना अंक बदलला की भूमिका बदला, फार शिकायला मिळतं. शिकागोच्या स्टेपनवुल्फ नाटकमंडळीनं १९८२ला केलेला गॅरी सिनीज आणि जॉन माल्कोविचचा प्रयोग पुढे टीव्हीसाठी चित्रित झाला होता. वाचनाआधी नको, नंतर बघा. नाहीतर माल्कोविचचाच आवाज कानात बसतो.

ओसरी

ठरलं, 'ट्रू वेस्ट'. पण त्यात एक भाऊ रात्रीत शेजाऱ्यांकडचे ढीगभर टोस्टर चोरून आणतो आणि सगळ्यांत एकदम ब्रेड भाजतो. वाचनात त्याचं काय करू? नुसती सूचना वाचून पुढं जाऊ?

नेपथ्य_९२

नको, पुढं जाऊ नका. तिसरी_घंटा वर म्हणाले तसं, वास खरा हवा. लीच्या हाती ताटली येते तेव्हा खोलीभर तो वास असला पाहिजे. नुकतं एकमेकांना चिरडून झालंय आणि घरात सकाळच्या न्याहारीचा वास सुटलाय. प्रसंग त्यावरच उभा आहे. एक तरी टोस्टर स्वयंपाकघरात चालू ठेवा, त्या पानावर.

ओसरी

घरी एक आहे. शेजारच्या काकूंकडे एक मागते. पावाच्या दोन लाद्या आणि लोणी आणते.

पांढरी_माती

ओसरी, तुम्ही पुण्यात ना? माझ्याकडे दोन पडून आहेत. रविवार कोणता ते कळवा, घेऊन येतो. लीचं वाचायला कुणी नसेल तर मी वाचेन.